उसनं ‘मी’

कुताइसीहून दोन डॉक्टर आले.
शाळेच्या व्यायामशाळेत भट्टी सकाळीच पेटवली होती,
तरी बोलताना वाफा निघत होत्या.
माझं काम एवढंच: मधे बसायचं.

म्हाताऱ्यांना जॉर्जियन येतं तसं.
बँकेत येतं, पोस्टात येतं,
सुनेच्या आईशी भांडताना तर झकास येतं.
दुखतं मात्र त्यांना स्वानमध्येच.

डॉक्टर नोदारनी हृदयाचं चित्र टांगलं
बास्केटबॉलच्या कडीखाली.
रक्तदाब, म्हणाले.
मी जराशी अडले, मग सांगितलं,
रक्त आतून भिंतीला खांदा लावून ढकलतं,
दार न सापडलेल्या बैलासारखं.
मागच्या बाकावरून जान्सुग ओरडला,
मग दाखवा की त्याला दार!
तेही मी इमानानं पलीकडे पोचवलं.
डॉक्टर हसले नाहीत.
खिशातून वही काढून लिहून मात्र घेतलं.

मग मिठावर आले.
दिवसाला एक चमचा, तोही सपाट.
आणि ते तुमचं कुटलेलं,
लसूण, निळी मेथी, सुकी मिरची,
झेंडूची पिवळी पूड घातलेलं,
तेही मीठच.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
म्झेकालाच्या हातांना अजून खलबत्त्याचा वास होता.
ती डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली,
जणू हे मीच ठरवलं होतं,
‘आणि घरातला तो डबा? कोल्ह्यानं खायचा?’
डॉक्टर पिक्रिया म्हणाल्या, लसूण तेवढाच राहू दे,
मीठ निम्मं करा.
माझी आईही ऐकत नाही.
हे शेवटचं वाक्य भाषांतराशिवायच कळलं सगळ्यांना.

मला बजावलेलं होतं,
‘ती म्हणते, तो म्हणतो’ असं करायचं नाही.
सरळ ‘मी’ म्हणायचं.
म्हणून मी म्हणाले, जिना उतरताना माझे गुडघे करकरतात.
मी म्हणाले, धार काढता काढता
माझी बोटं झोपी जातात, गाय वळून बघते.
मी म्हणाले, ती पांढरी गोळी मी अर्धीच घेते,
उरलेली अर्धी नवऱ्याला देते,
त्यालाही काहीतरी असेलच की.
डॉक्टर नोदारनी कपाळाला हात लावला.
याचं भाषांतर करायची गरज नव्हती.
दुपारपर्यंत मी सहा बायका होते,
दोन मेंढपाळ, आणि जंत झालेलं एक पोर.

मुश्नी दिवसभर भट्टीपाशी बसून
सगळ्यांची टिंगल करत होता.
डॉक्टरांनी कोट चढवले, जीप सुरू झाली,
तेव्हा तो माझ्या बाहीला धरून म्हणाला,
कान इकडे कर, तोंड तिकडे.

‘मी रात्री पाचदा उठतो,’ मी खिडकीतून सांगितलं,
‘बर्फातून जावं लागतं.
धार तुटत तुटत येते, उभा राहून गारठतो.
आणि बायकोला वाटतं,
मी कुणाला तरी भेटायला जातो.’

डॉक्टर नोदारनी जीप बंद केली.
खाली उतरले.
आत एक ग्रंथी असते, म्हणाले, अक्रोडाएवढी,
वयाबरोबर वाढते, पुष्कळांची वाढते,
तपासायला मात्र खाली मेस्तियाला यायला हवं,
गुरुवारी, उगाच पुढे ढकलू नका.
अक्रोड? मुश्नी म्हणाला.
झाडाला यंदा एक धरला नाही,
आणि हा इथं वाढतोय.
पण गुरुवार त्यानं बोटावर मोजून ठेवला.
बायकोला काय सांगायचं, हे विचारायला
तो पुन्हा माझ्याकडेच वळला.
ते मी पलीकडे नेलं नाही.

पिक्रिया हातमोजे घालता घालता म्हणाल्या,
आणि तुम्हाला?

मी मुश्नीकडे वळले, स्वानमध्ये विचारलं,
बाई विचारतायत, तुम्हाला काय होतंय?

तो माझ्याकडे बघतच राहिला.
‘अगं, तुला विचारतायत.’

जीपच्या काचेवर बर्फ साचू लागला होता.
मी तोंड उघडलं.
आधी कुठल्या भाषेत सांगायचं
ते आठवेना.